विद्यार्थ्यांच्या रेसिंग कारवरचे रॅप ट्रॅकवर उठून दिसावे यासाठी त्याची रचना कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, नांदेडच्या महाविद्यालयातील तुमचा संघ फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) पद्धतीची कार बांधतो आहे, बॉडी फायबरग्लासची आहे, पैसे बेताचे आहेत, आणि इतर संघांच्या गाड्यांच्या गर्दीत तुमची गाडी चटकन ओळखू यावी असे रॅप, म्हणजे बॉडीवर चिकटवायच्या रंगीत प्लास्टिक फिल्मचे आवरण, कसे रचावे. छत्रपती संभाजीनगरला माझे रेडियम आणि प्रिंटिंगचे दुकान आहे आणि अशा काही विद्यार्थी संघांच्या गाड्यांचे काम माझ्या हातून झाले आहे; त्या अनुभवावरून लिहितो.

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती दोन-तीन सेकंद दिसते, आणि तेवढ्या वेळात डोळ्याला फक्त रंगांचे मोठे भाग आणि त्यांच्या मधल्या कडा कळतात. नक्षी कळत नाही. म्हणून रचनेची सुरुवात सजावटीपासून न करता, कोणता रंग गाडीचा किती भाग व्यापेल आणि तो कुठे थांबेल, या प्रश्नापासून करावी.

ही गोष्ट मला पहिल्या कामात उमगली. त्या संघातील मुलांना गाडीवर मराठवाड्याची ओळख हवी होती, म्हणून आम्ही पैठणीचे मोर आणि आसवलीची वेल दोन्ही बाजूंवर भरगच्च छापली. संगणकाच्या पडद्यावर ते काम इतके देखणे दिसत होते की कोणालाच शंका आली नाही. ट्रॅकवरची छायाचित्रे आली तेव्हा मात्र गाडी मळकट जांभळी दिसत होती आणि मोर कुठेच नव्हते. त्यानंतर मी पैठणीकडे नव्याने पाहिले. लग्नाच्या मांडवात दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईची पैठणी आपण मोरावरून ओळखत नाही. एकाच रंगाचे अंग, त्याला विरोधी रंगाचा काठ आणि भरदार पदर, या प्रमाणावरून ओळखतो. गाडीवर आणायचे ते हे प्रमाण. नाकापासून चालकाच्या जागेपर्यंत एकच गडद रंग, कडेने एक अरुंद उजळ पट्टा, आणि साइडपॉडचा (चालकाच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागाचा) मागचा भाग व विंगचे (आडव्या पंखाचे) टोक मिळून पदर, अशी मांडणी पुढच्या गाडीवर केली आणि ती लांबूनही कळली. जरीसाठी सोनेरी रंग छापू नये, कारण छपाईच्या नेहमीच्या चार शाया (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) मिसळून सोनेरी केला की तो मोहरीसारखा तपकिरी उतरतो. सरळ स्वच्छ पिवळा वापरावा.

शर्यतींच्या इतिहासातील लक्षात राहिलेल्या गाड्याही बहुतेक अशाच आहेत. १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाड्या देशांचे रंग लावत, म्हणजे इंग्लंडचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा. १९६८ मध्ये लोटस या ब्रिटिश संघाने फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकाचे रंग लावले आणि १९७२ मध्ये त्याच संघाची काळी-सोनेरी गाडी आली. गल्फ तेल कंपनीच्या पोर्श ९१७ वर फिकट निळे अंग आणि मधोमध नारिंगी पट्टा, एवढेच होते. १९७५ मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी फ्रान्समधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी बीएमडब्ल्यूची गाडी रंगवली, तिच्यावरही लाल, पिवळ्या, निळ्या रंगांचे सपाट मोठे आकार आहेत. एवढा मोठा कलावंत बारीक कामात शिरला नाही, याचे मला फार महत्त्व वाटते.

रचना तपासण्याची एक सोपी रीत आहे. तीन मीटर लांबीची गाडी शंभर मीटरवरून जेवढी दिसते, तेवढेच तीन सेंटिमीटरचे चित्र एक मीटरवरून दिसते. तेव्हा तुमचे चित्र तीन सेंटिमीटर लांबीचे छापून भिंतीला लावा आणि एका मीटरवर उभे राहून पाहा. नंतर तेच चित्र रंग काढून, फक्त काळ्या-करड्या छटांमध्ये छापा. लाल आणि हिरवा शेजारी असले की जवळून ते भांडतात असे वाटते, पण दोघांचा उजळपणा सारखा असेल तर करड्या चित्रात ते एकजीव होतात, आणि लांबच्या नजरेलाही जवळजवळ तसेच होते. गडदाशेजारी उजळ हे पहिले, रंगाची निवड त्यानंतर.

अक्षरांबाबत एक चूक मी वारंवार पाहतो. वेग दाखवण्यासाठी संघाचे नाव उजवीकडे झुकलेल्या तिरक्या अक्षरांत लिहितात. गाडीच्या उजव्या बाजूला ते शोभते, कारण तिथे गाडीचे नाक पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असते; डाव्या बाजूला मात्र नाक डावीकडे असल्यामुळे तीच अक्षरे मागे रेलल्यासारखी दिसतात आणि गाडी थबकल्याचा भास होतो. त्यामुळे अक्षरे सरळ उभी ठेवावीत आणि वेग पट्ट्यांच्या तिरकेपणातून दाखवावा, कारण पट्टे दोन्ही बाजूंना आरशासारखे उलटवता येतात. नाव देवनागरीत असेल तर आणखी एक देणगी मिळते: शिरोरेषा. ती अक्षरांच्या पुढे-मागे वाढवून नाकापासून मागपर्यंतचा पट्टाच करता येतो, आणि मग नाव गाडीवर चिकटवलेले न वाटता गाडीच्या रेषेतूनच लोंबलेले वाटते. हे मला रोमन लिपीत कधी साधले नाही.

गाडी क्रमांकाची जागा मात्र सर्वांत आधी राखून ठेवा. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत आकडे पुढे आणि दोन्ही बाजूंना, किमान १५० मिलिमीटर उंच, साध्या ठळक वळणाचे, आणि पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे असे मागतात. तुमच्या स्पर्धेची त्या वर्षाची नियमावली वाचून ही पाटी रचनेचाच भाग करा. शेवटी चिकटवलेली पांढरी चौकट चांगल्या रॅपचा विचका करते. प्रायोजकांची चिन्हेही शक्य तेथे एकाच रंगात मागून घ्या.

गाडीच्या बाजूच्या सपाट चित्रावर रचना करू नका. खरी गाडी पुढून तिरकी, खालून आणि कठड्यावरून वरून पाहिली जाते, उघडी चाके आणि सस्पेन्शनचे दांडे खालचा बराच भाग झाकतात, आणि नोजकोनच्या (नाकाच्या निमुळत्या टोकाच्या) वळणावर सरळ रेघ वाकडी होते. बॉडी तयार झाली की तिच्यावर मास्किंग टेप पूर्ण लावा, पट्ट्यांच्या कडा पेनाने थेट त्यावर आखा, चार बाजूंनी फिरून पाहा, मग टेप कापून काढून सपाट कागदावर चिकटवा. तोच तुमचा साचा. एक संध्याकाळ जाते, पण त्यामुळे महाग फिल्म वाया जात नाही.

फिल्मबाबत स्पष्ट सांगतो. दुचाकीच्या नंबरप्लेटसाठी जे स्वस्त रेडियम मिळते, ते बहुधा कॅलेंडर्ड प्रकारचे असते. लाटून ताणून बनवलेले असल्यामुळे ऊन लागले की ते आक्रसते आणि वळणावरून सुटते. नोजकोनसारख्या दुहेरी वळणासाठी कास्ट, म्हणजे न ताणता ओतून बनवलेली, फिल्म घ्यावी. ती साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते आणि वळणावर बसते. सपाट भागांवर स्वस्त फिल्म वापरून पैसे वाचवता येतील. मोठे सलग रंग छापण्याऐवजी त्या रंगाची तयार फिल्म कापून लावा, कारण पडद्यावरचा झगझगीत नारिंगी छपाईत हमखास मंदावतो. छापलेच, तर लॅमिनेशनपूर्वी (वर पारदर्शक थर चढवण्यापूर्वी) प्रिंट किमान एक दिवस सुकू द्या, नाहीतर शाईतला सॉल्व्हंट आत अडकून चिकटपणा बिघडवतो.

आणि फायबरग्लासचा खरा शत्रू मेण आहे. बॉडी ज्या साच्यात घडवतात त्यातून ती सुटावी म्हणून लावलेले मेण पृष्ठभागावर राहते, डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यावर लावलेली फिल्म दुसऱ्या दिवशी कडेने उचलते. आधी साबणाच्या पाण्याने, मग मेण काढणाऱ्या द्रावणाने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खरबरीत भाग घासून गुळगुळीत करा. फिल्म खड्डे झाकत नाही, ती ते दाखवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा फिल्म हातातच मऊ पडून जास्त ताणली जाते, म्हणून काम सकाळी लवकर, बंद आणि धूळ नसलेल्या खोलीत करा. वळणांवर लावून झाल्यावर हीट गनने फिल्म साधारण ९० अंशांपर्यंत तापवली की तिची मूळ आकारात परतण्याची ओढ मोडते. दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे पुढचा तुकडा मागच्यावर चढवा, कौलांसारखा, म्हणजे वारा कडेखाली शिरत नाही.

कारचे नाक आणि साइडपॉडचे खालचे कोपरे सरावातच ट्रॅकवर ठेवलेल्या शंकूंना (कोन) घासून फाटतात. या दोन भागांचे जादा तुकडे पहिल्याच वेळी, त्याच रोलमधून कापून घ्या. नंतरच्या रोलमध्ये रंगाची छटा थोडी बदलू शकते. हे तुकडे गुंडाळीत न ठेवता सपाट ठेवून, हीट गन आणि अल्कोहोलच्या बाटलीसह स्पर्धेला सोबत न्या.