वाचकांचे प्रश्न : परदेशी कंपनी दारात येते तेव्हा

प्रश्न : तुर्भे स्टेशनजवळचे आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडले. कंपनीला भारतात येण्याची मंजुरी मात्र २०१३ मध्येच मिळाली होती असे वाचनात आले. हाताशी एवढा पैसा असताना इतकी वर्षे कशात गेली? प्रकल्पासाठी हाच विषय घेतला आहे.
— व्यवस्थापनाची विद्यार्थिनी, वाशी

उत्तर : मंजुरीच्या वेळी १०,५०० कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला होता. असा आकडा म्हणजे एकरकमी खर्च नव्हे, ती वरची मर्यादा. त्यातला कुठला रुपया आधी टाकायचा आणि कुठला राखून ठेवायचा, यातच गुंतवणुकीचे खरे धोरण असते. तुमचा प्रकल्प त्याच क्रमावर उभा करा.

सुरुवात नियमापासून करा. जानेवारी २०१२ मध्ये सरकारने एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत १०० टक्के परदेशी मालकीला वाट दिली. अट अशी, की ५१ टक्क्यांच्या वर जाणाऱ्याने ३० टक्के माल भारतातल्या लघुउद्योगांकडून घ्यायचा. लघुउद्योग कोण, हे यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीवर ठरणार होते आणि त्याची मर्यादा १० लाख डॉलर होती. आता पुरवठादाराच्या जागी बसून पाहा. चांगला माल दिला म्हणून ऑर्डर वाढते, ऑर्डर वाढली म्हणून तो नवी यंत्रे घेतो, आणि यंत्रे घेतली की लघुउद्योगाच्या व्याख्येतून बाहेर पडतो. सप्टेंबर २०१२ मध्ये ही अट सैल झाली : लघुउद्योगांना प्राधान्य द्यावे एवढेच उरले, आणि ३० टक्क्यांचा हिशोब पहिल्या पाच वर्षांच्या सरासरीवर आला. ऑगस्ट २०१९ मध्ये निर्यातीसाठी भारतात केलेली खरेदीही त्यात धरली जाऊ लागली. दुकान नसतानाही आयकिया भारतातून अनेक वर्षे माल उचलत होती, तेव्हा या शेवटच्या बदलाचे वजन लक्षात येईल.

पहिले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडले. मुंबई परिसरात ऑगस्ट २०१९ पासून ऑनलाइन विक्री सुरू झाली, तुर्भ्याचे दुकान त्यानंतर आले. कुठल्या पिनकोडवरून काय मागवले जाते, जिन्यावरून काय चढत नाही, परत काय येते, हे ऑनलाइन विक्रीत कमी खर्चात कळते. मोठ्या दुकानाची जमीन आणि इमारत मात्र एकदा घेतली की मागे फिरणे महाग पडते.

खाद्यपदार्थांत गोमांस आणि डुकराचे मांस न ठेवणे, २०० रुपयांच्या आतल्या वस्तूंची संख्या वाढवणे, फर्निचर जोडून देणारी माणसे पुरवणे, हे बदल वर्तमानपत्रांत गाजतात. ते महत्त्वाचे आहेत, पण उद्या चुकले तर परवा फिरवता येतात. जमीन, पुरवठादारांची साखळी आणि भागीदार या तीन गोष्टी सहज फिरवता येत नाहीत. जाणत्या कंपन्या तिथेच वेळ घालवतात. मॅकडोनाल्ड्सचे भारतातले पहिले दुकान १९९६ मध्ये उघडले, पण पुरवठादारांची बांधणी त्याआधी कित्येक वर्षे चालू होती. त्यांना पॅटिस पुरवणाऱ्या तळोज्याच्या कारखान्यात शाकाहारी आणि मांसाहारी उत्पादनाच्या रांगा अगदी वेगळ्या ठेवल्या आहेत. या देशासाठी केलेला खरा खर्च मेन्यूकार्डावर दिसत नाही, तो अशा भिंतींत असतो.

प्रश्न : टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात आमचा अभियांत्रिकी सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. एक युरोपीय कंपनी नवे भांडवल घालून ५१ टक्के हिस्सा मागते आहे, तंत्रज्ञानही देणार आहे. ४९ टक्के आमच्याकडे राहिले तर आम्ही सुरक्षित आहोत ना? कुठे लक्ष ठेवावे?
— लघुउद्योजक, रबाळे

उत्तर : आज सुरक्षित आहात. उद्याचे करारावर अवलंबून आहे.

कंपनी कायद्यात विशेष ठरावाला ७५ टक्के मते लागतात. म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असेपर्यंत तुम्ही असा ठराव अडवू शकता. पण पुढचे भांडवल आले की काय होते ते मांडून पाहा. समजा, कंपनीचे मूल्य १० कोटी धरले आहे आणि त्यात तुमचे ४.९ कोटी. विस्तारासाठी भागीदार आणखी १० कोटी आणतो, तुमच्याकडे तेवढे नाहीत. एकूण २० कोटींत तुमचा हिस्सा उरतो २४.५ टक्के, आणि अडवण्याची ताकद गेली. यात लबाडी कुणाचीच नाही, तरी अनेक भारतीय भागीदार याच वाटेने नामधारी झाले. म्हणून नवे भांडवल किती, कधी आणि कुठल्या मूल्यावर, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. नवे शेअर, मोठे कर्ज, प्रमुख अधिकाऱ्याची नेमणूक, जमीन विकणे आणि भागीदाराच्या समूहातल्या कंपन्यांशी व्यवहार, या बाबींना तुमची लेखी संमती लागेल अशी यादी करा. ही कलमे भागधारकांच्या करारात तर हवीतच, कंपनीच्या नियमावलीतही (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) उतरवा. नियमावलीत नसतील तर कंपनीला ती बांधून ठेवणे अवघड जाते.

५०–५० मागून घ्या असा सल्लाही तुम्हाला मिळेल. आम्ही तो सरसकट देणार नाही. मॅकडोनाल्ड्सच्या उत्तर भारतातल्या निम्म्या-निम्म्या भागीदारीत २०१३ मध्ये वाद पेटला आणि २०१९ मध्ये परदेशी कंपनीने भागीदाराचा हिस्सा विकत घेतल्यावरच तो मिटला. मते समसमान पडली तर कोंडी कशी फोडायची, हे कलम नसेल तर ५०–५० सारखे अवघड प्रमाण दुसरे नाही.

आता पैशाचा मार्ग. परदेशी भागीदाराला शेअर योग्य मूल्याच्या खाली देता येत नाहीत. चार्टर्ड अकाउंटंट, सेबी-नोंदणीकृत मर्चंट बँकर किंवा कॉस्ट अकाउंटंट यांच्यापैकी एकाकडून मूल्यांकनाचा दाखला घ्या. रक्कम बँकेतून आली की ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर अर्ज, म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची नोंद. त्यानंतर दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्ता यांचे विवरणपत्र.

अर्ज परत येतो तो बहुतेकदा दोन कारणांनी. पैसे समूहातल्या एका कंपनीने पाठवले आणि शेअर दुसरीच्या नावे दिले, हे पहिले. दुसरे म्हणजे मधल्या बँकेने शुल्क कापल्यामुळे हाती आलेली रक्कम शेअरच्या किमतीपेक्षा थोडी कमी भरते. पाठवणाऱ्याला शुल्क स्वतःकडे घ्यायला सांगा आणि बँकेकडून केवायसी अहवाल (पैसे पाठवणाऱ्याची ओळख पटवणारा) लगेच मागवा. उशीर झालाच तर शुल्क ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षे. ४ कोटींच्या व्यवहाराला सहा महिने उशीर झाला तर १२,५०० रुपये. रक्कम फार नाही, पण पुढच्या प्रत्येक गुंतवणूकदाराच्या तपासणीत ती नोंद वर येते.

एक कलम परदेशी वकील हटकून घालतात : अमुक वर्षांनी आमचा हिस्सा ठरलेल्या परताव्यासह तुम्ही विकत घ्यायचा. फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांत हमीच्या किमतीने बाहेर पडता येत नाही. विक्रीचा पर्याय ठेवता येतो, पण किमान एक वर्ष थांबून आणि त्या वेळच्या योग्य मूल्यानेच.

तंत्रज्ञानाच्या करारात रॉयल्टीवरचा कर कोण सोसणार ते पाहा. देशांतर्गत कायद्यातला दर २०२३ मध्ये १० वरून २० टक्के झाला. त्या देशाशी असलेल्या कर-करारात दर कमी असू शकतो, पण त्यासाठी भागीदाराने आपल्या देशाचे कर-रहिवासी प्रमाणपत्र द्यावे लागते. ‘रक्कम सर्व कर वजा जाता’ असे शब्द असतील तर तो कर तुमच्या कंपनीच्या खिशातून जातो. शिवाय रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच, जीएसटी भरावा लागतो, त्याची वजावट मिळते. भागीदारी मोडली तर तंत्रज्ञान वापरता येईल का, हे विचारायला संकोचू नका.

आणि भूखंड. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याची असते. कंपनीच्या मालकीचे पारडे बदलणार असेल तर शेअर देण्याआधीच एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. हस्तांतरण मानून शुल्क लागले तर ते कुणी भरायचे, हेही वाटाघाटीतच ठरवा.

प्रश्न : ठाण्यातल्या परदेशी कारखान्यांचे शेअर पूर्वी कामगारांकडे, शिक्षकांकडे असायचे. पुढे कंपन्यांनी ते परत घेतले. आधी दिले कशाला?
— निवृत्त वाचक, घोडबंदर रस्ता

उत्तर : कायद्याने द्यायला लावले म्हणून. १९७३ च्या फेरा या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. कोका-कोला आणि आयबीएम निघून गेल्या. हिंदुस्थान लिव्हरने प्रगत तंत्रज्ञान आणि निर्यात दाखवून ५१ टक्के राखले. ठाण्याच्या एका चौकाला जिचे नाव पडले त्या कॅडबरीसारख्या कंपन्यांनी हिस्सा कमी केला. शेअर स्वस्त मिळाले, कारण विक्रीची किंमत बाजार नव्हे तर भांडवल निर्गम नियंत्रक हा सरकारी अधिकारी ठरवत असे.

१९९१ नंतर अनेक उद्योगांत ५१ टक्के आणि हळूहळू १०० टक्क्यांची मुभा आली. तेव्हा मूळ कंपन्यांनी हिस्सा पुन्हा वाढवला आणि काहींनी शेअर बाजारातून नाव काढून घेतले. २०१० मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान २५ टक्के हिस्सा जनतेकडे असावा असा नियम झाल्यावर उरलेल्यांपुढे दोनच वाटा होत्या : हिस्सा विका किंवा बाजार सोडा. तुमच्याकडे जुनी कागदी प्रमाणपत्रे असतील तर कंपनीच्या शेअर रजिस्ट्रारकडे चौकशी करा. सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारी आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण) निधीत गेलेले असू शकतात, आणि अर्ज करून ते परत मिळतात.

प्रश्न : एका परदेशी कंपनीचे लायझन ऑफिस सीबीडी बेलापूरला उघडायचे आहे. तिथून ऑर्डर घेता येतील?
— सल्लागार, खारघर

उत्तर : नाही. लायझन ऑफिसला भारतात कमाई करता येत नाही. बाजाराची माहिती आणि संपर्क, एवढेच त्याचे काम. किमतीची बोलणी किंवा करारावर सही तिथून झाली तर कर खाते तो भारतातला व्यवसाय मानू शकते. विक्री करायचीच असेल तर पूर्ण मालकीची प्रायव्हेट कंपनी काढा. दोन भागधारक लागतातच, म्हणून दुसऱ्याच्या नावे एखादा शेअर ठेवतात. एक संचालक आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा हवा.

प्रश्न : दाभोळचा एन्रॉन प्रकल्प राजकारणाने बुडाला असे म्हणतात. आजच्या कंपन्या त्यापासून बचाव कसा करतात?
— वाचक, कोपरखैरणे

उत्तर : राजकारण होतेच. १९९३ चा वीजखरेदी करार १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने रद्द केला, १९९६ मध्ये फेरबदलांसह तो पुन्हा झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये संच बंद पडले. पण सरकार तेच राहिले असते तरी हा करार टिकणे कठीण होते. ग्राहक एकच, राज्य वीज मंडळ. दराचा मोठा भाग डॉलरशी आणि इंधन नाफ्ता या खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रवाशी बांधलेले. रुपया घसरला किंवा तेल चढले की सगळा भार मंडळावर, आणि मंडळाकडे शेतकरी आणि घरगुती ग्राहकांकडून तो वसूल करण्याची सोय नव्हती. ज्याला जोखीम पेलवत नाही त्याच्याच गळ्यात ती बांधली होती.

आता बहुतेक कंपन्या कमाई रुपयात असेल तर कर्जही शक्य तेवढे रुपयात घेतात, टप्प्याटप्प्याने भांडवल आणतात, एकापेक्षा जास्त ग्राहक धरतात. आंतरराष्ट्रीय लवादाचा आधार पूर्वीइतका सोपा नाही : दोन देशांतल्या गुंतवणूक करारांसाठी भारताने २०१६ मध्ये केलेल्या नमुना करारानुसार परदेशी गुंतवणूकदाराने तिकडे जाण्याआधी भारतातल्या कायदेशीर मार्गांनी पाच वर्षे प्रयत्न करावे लागतात. त्यामुळे व्यावसायिक करारातच लवादाचे ठिकाण, चलन आणि करार मोडल्यास द्यायची रक्कम लिहून घेण्यावर भर असतो. रबाळ्याच्या वाचकांनी ही तीन कलमे आपल्या मसुद्यातही शोधावीत. परदेशी भागीदाराने ती स्वतःपुरती नक्की घातली असतील.