फिगर स्केटिंगमधले कलेचे मार्क काढून टाकले तर निकाल जास्त न्याय्य होतील का?

तुमचं म्हणणं असं की उडीला ठरलेले पॉइंट असतात त्यात वाद नाही, मग जजच्या मनावर चालणारे कलेचे मार्क ठेवायचेच कशाला. आम्ही टोरोंटोजवळ राहतो, माझी मुलगी सात वर्षं स्केटिंग करतेय, आणि पहाटे साडेपाचला रिंकवर शाल गुंडाळून बसणं आणि प्रत्येक स्पर्धेनंतर तो मार्कांचा कागद ओळ न् ओळ वाचणं एवढं झालंय की आता या विषयावर माझं ठाम मत आहे. टेक्निकल म्हणजे फूटपट्टी आणि कला म्हणजे मनमानी, हे खरं नाही.

क्वाड लट्झ घ्या, म्हणजे हवेत चार फेऱ्या घ्यायची लट्झ नावाची उडी. मूळ किंमत ११.५०, ती ठरलेली, मान्य. पण उडी कशी झाली यावर प्रत्येक जज उणे ५ ते अधिक ५ देतो आणि एकेक पायरी म्हणजे मूळ किमतीच्या १० टक्के, म्हणजे तीच उडी १७.२५ पर्यंत चढते नाहीतर ५.७५ वर उतरते. हे देतं कोण, तर तेच जज ज्यांच्या कलेच्या मार्कांवर तुमचा भरवसा नाही! त्याशिवाय टेक्निकल पॅनेल वेगळं, ते रिप्लेत बघतं उडी पूर्ण फिरली का. पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली तर किंमत ८० टक्के, अर्धी फेरी कमी पडली तर सरळ खालची उडी धरतात, ट्रिपल लट्झ ५.९० ची असते ती डबल होऊन २.१० वर येते. मागच्या हिवाळ्यात मुलीच्या डबल ॲक्सल या उडीला असाच कट लागला, ती घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. मी तो व्हिडिओ स्लो करून कितीतरी वेळा पाहिला, ब्लेड पाव फेरीच्या अलीकडे टेकलं की पलीकडे हे मला आजही सांगता येत नाही. आणि तिथे एकच कॅमेरा होता. हे "ठरलेले" पॉइंट.

आता लोक हमखास देतात ते २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकचं उदाहरण. रशियाच्या प्लुशेंकोने क्वाड मारली, अमेरिकेच्या लायसॅचेकने मारलीच नाही, तरी गोल्ड लायसॅचेकला, २५७.६७ विरुद्ध २५६.३६, मग काय, कलेने टेक्निकला हरवलं असं सगळीकडे. पण फ्री स्केटचा, म्हणजे स्पर्धेतल्या दुसऱ्या, लांब प्रोग्रॅमचा कागद काढून बघा, दोघांचे कलेचे मार्क तंतोतंत सारखे, ८२.८०! लायसॅचेक पुढे गेला तो टेक्निकलमध्ये, ८४.५७ आणि ८२.७१, कारण त्याच्या उड्या स्वच्छ होत्या आणि त्याने प्रोग्रॅमच्या दुसऱ्या अर्ध्यात, पाय भरून आलेले असताना, जास्त उड्या ठेवल्या होत्या, तेव्हाच्या नियमांत अशा उड्यांना १० टक्के जादा मिळायचे. म्हणजे तुम्ही म्हणता तसे कलेचे मार्क त्या फ्री स्केटमधून काढून टाकले असते तरी पुढे तोच राहिला असता.

माझी तक्रार त्या ८२.८० वरच आहे. इतके वेगळे दोन स्केटर, एकाचा रुबाब वेगळा, दुसऱ्याचं उड्यांच्या मधलं काम वेगळं, आणि बेरीज दशांशापर्यंत सारखी? मला वाटतं जज हे मार्क वेगळे विचार करून देतच नाहीत, ते उड्या आणि नाव बघून त्याच्या मागोमाग देतात. चार मिनिटांत एकाच माणसाने प्रत्येक उडीला, प्रत्येक स्पिनला दर्जा द्यायचा आणि शेवटी रचना, सादरीकरण, स्केटिंग स्किल्स यांचेही मार्क द्यायचे (आधी पाच गोष्टी होत्या, २०२२ पासून तीन केल्या), कसं जमणार हो त्याला? पडलं कोणी की सगळंच खाली येतं, शेवटच्या ग्रुपमध्ये असलं की सगळंच वर जातं.

आणि कलेचं वजन तसंही कमी होत चाललंय. तिथे वर छत आहे, पुरुषांच्या फ्री स्केटला साधारण १००, टेक्निकलला छतच नाही. २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या नेथन चेनला फ्रीमध्ये कलेचे ९७.२२ मिळाले, म्हणजे जवळपास पूर्ण, आणि टेक्निकलचे १२१.४१.

२००२ मध्ये सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला पेअर्सचा, म्हणजे जोड्यांचा निकाल ५-४ ने रशियाकडे गेला, फ्रेंच जजवर दबाव असल्याचं बाहेर आलं, कॅनडाच्या जोडीला दुसरं गोल्ड द्यावं लागलं, त्यातून ही पॉइंटची पद्धत आली. पण ती आणताना कुठल्या जजने कुठले मार्क दिले हे झाकलं ते थेट २०१६ पर्यंत, हे मला अजूनही पटत नाही, मार्क देणाऱ्याने नावानिशी दिले पाहिजेत.

कला काढली तर काय जाईल ते सांगते. २००६ ला तोरिनो ऑलिंपिकमध्ये जपानची शिझुका अराकावा पाठ मागे पूर्ण वाकवून बर्फावरून सरकत गेली, तेव्हाच्या नियमांत त्या चालीला एकही पॉइंट नव्हता, तरी तिने ती प्रोग्रॅममध्ये ठेवली आणि गोल्ड जिंकली. माझी मुलगी स्केटिंगकडे वळली ती त्याची क्लिप बघून. तुम्ही म्हणता तसं झालं तर उद्या कोच तिचा फुटवर्कचा तास बंद करून तोही ॲक्सलला लावेल, आणि तिचा गुडघा आत्ताच दुखतो.

म्हणून मी म्हणते, मार्क ठेवा, माणसं वेगळी करा. एका पॅनेलने फक्त उड्या-स्पिनचा दर्जा बघावा, दुसऱ्याने फक्त बाकीचं, आणि दुसऱ्यांसमोर पहिल्यांचे आकडे येताच कामा नयेत. जज जास्त लागतील, खर्च वाढेल, तो करावा.