कोरोनाकाळात मुंबईत अंतर पाळलं गेलं नाही, ते लोकांच्या बेशिस्तीमुळेच ना?

नाही. अंतर पाळायला आधी जागा लागते. धारावीत अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं राहतात. एका खोलीत सात-आठ जण, संडास सार्वजनिक. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला 'घरात बसा' सांगून काय उपयोग? पालिकेने घरोघरी तपासणी केली, बाधितांना शाळा-सभागृहांत वेगळं ठेवलं, संडास वारंवार निर्जंतुक केले, तेव्हा तिथली साथ आटोक्यात आली.

दुसरं कारण राजकीय. 24 मार्च 2020 ला रात्री आठला घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. हातावर पोट असलेल्यांनी करायचं काय? टाळेबंदी वाढली त्या दिवशी, 14 एप्रिलला, गावी जायला मिळेल या आशेने वांद्रे स्टेशनबाहेर मजुरांची मोठी गर्दी उसळली. ती धोरणाने ओढवलेली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्यातल्या माणसांनी सांगितलं की लोक ऐकतात. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. आमच्या चाळीत मंडळाच्या पोरांनीच नळापाशी चुन्याने चौकोन आखले होते आणि म्हाताऱ्यांचं पाणीही तीच भरून द्यायची. पोलिसांना यावंच लागलं नाही.