‘वळवणे’साठी दर वेळी ‘डायव्हर्ट’ नको

ताई, तुमचा प्रश्न असा: इंदूरच्या मंडळाचं वार्तापत्र इंग्रजीत करताना वाहतूक वळवली, पाणी वळवलं, निधी वळवला, चर्चा वळवली, सगळीकडे ‘डायव्हर्ट’च लिहिला जातो. तो कुठे चालतो आणि कुठे खटकतो?

आधी एवढं बघा, वळवलेली गोष्ट शेवटी ठरल्या ठिकाणीच पोहोचते का? पोहोचत असेल आणि नुसती वाट बदलली असेल, तर ‘रीरूट’. मुक्काम किंवा उपयोगच बदलला, तर ‘डायव्हर्ट’. धुक्यामुळे इंदूरचं विमान भोपाळला उतरवलं, तर ‘द फ्लाइट वॉज डायव्हर्टेड टू भोपाल’. वादळाला वळसा घालून ते इंदूरलाच आलं, तर ‘रीरूटेड’. रस्त्यावरच्या वाहतुकीला मात्र हा नियम इतका कडक लागत नाही. रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, राजवाड्याकडची वाहनं दुसरीकडून सोडली, तर ज्याला त्याला आपल्या ठरल्या जागीच जायचं असतं, तरी रूढ शब्द ‘डायव्हर्ट’च आहे. सिटी बसचा नेमून दिलेला मार्ग बदलला, तर ‘द बसेस वेअर रीरूटेड’ जास्त नेमकं. आणि ‘ट्रॅफिक इज डायव्हर्टिंग’ लिहू नका. वाहतूक कोणीतरी वळवत असतं, म्हणून ‘इज बीइंग डायव्हर्टेड’.

पाण्याच्या बाबतीत कर्म कोणतं, ते तपासा. 2014 मध्ये नर्मदेचं पाणी उपसून उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आलं. याचं ‘द नर्मदा वॉज डायव्हर्टेड’ केलंत, तर नदीनं पात्रच सोडलं असा अर्थ होतो. ‘वॉटर फ्रॉम द नर्मदा वॉज डायव्हर्टेड इंटू द क्षिप्रा’ असं हवं.

पैशाच्या बाबतीत सगळ्यात जास्त जपायला हवं. ‘डायव्हर्शन ऑफ फंड्स’ला हिशेबाच्या भाषेत गैरवापराचा वास आहे. गणेशोत्सवाची शिल्लक कार्यकारिणीच्या ठरावानं शिष्यवृत्तीकडे वळवली असेल, तर ‘रीअलोकेटेड’ लिहा. ‘डायव्हर्टेड’ वाचून देणगीदाराच्या मनात नसती शंका येईल. चांगल्या कामाकडे पद्धतशीर ओघ लावायचा असेल, तर ‘चॅनल’ आहे: ‘डोनेशन्स वेअर चॅनल्ड इंटू स्कॉलरशिप्स’.

जमिनीचं प्रकरण आपल्याकडे वेगळंच आहे. मध्य प्रदेशात शेतजमीन घरबांधणीसाठी करून घेण्याला सगळे ‘डायव्हर्शन’ म्हणतात. 1959 च्या भू-राजस्व संहितेतून तो शब्द बोलण्यात मुरला आहे. पुण्या-नाशिकचा वाचक त्यालाच ‘एन. ए. करणं’ म्हणतो, आणि परदेशी वाचकाला नुसतं ‘द लँड वॉज डायव्हर्टेड’ कळणारच नाही. तिथे ‘कन्व्हर्टेड टू नॉन-ॲग्रिकल्चरल यूज’ असं पूर्ण लिहा.

आता ‘डिफ्लेक्ट’. यात अंगावर येणारं काहीतरी असतं आणि ते लागून किंवा अडून बाजूला जातं. चेंडू पॅडला लागून स्टंपवर गेला: ‘द बॉल डिफ्लेक्टेड ऑफ हिज पॅड ऑन्टू द स्टंप्स’. म्हणूनच टीका, दोष, अडचणीचा प्रश्न यांना हे क्रियापद शोभतं. अध्यक्षांनी खर्चाचा प्रश्न शिताफीनं टोलवला, तर ‘डिफ्लेक्टेड द क्वेश्चन’. इथे ‘डायव्हर्टेड द क्वेश्चन’ कोणी म्हणत नाही. लक्ष मात्र दोन्हींसोबत येतं: ‘डायव्हर्ट अटेन्शन’ म्हणजे लक्ष दुसरीकडे नेणं, ‘डिफ्लेक्ट अटेन्शन’ म्हणजे बहुधा स्वतःवर रोखलेलं लक्ष झटकणं.

चर्चा हळूहळू, हाती धरून वळवली, तर ‘स्टिअर’. वळवणारा शेवटपर्यंत सोबत असतो, हा त्याचा विशेष. ‘शी स्टिअर्ड द डिस्कशन अवे फ्रॉम पॉलिटिक्स’, आणि ज्या विषयाकडे नेली तो ‘टुवर्ड्स’ लावून.

‘रीडायरेक्ट’ हा पत्त्याशी बांधलेला शब्द आहे. एका जागी पाठवलेली किंवा येऊन पडलेली गोष्ट नव्या जागी रवाना करणं: घर बदललेल्या माणसाचं टपाल, चुकीच्या खात्यात गेलेला अर्ज, जुन्या दुव्यावरून नव्या पानावर जाणारा वाचक. साहेबांनी अर्ज शेरा मारून नेहमीच्या क्रमानं पुढे पाठवला, तर तो ‘फॉरवर्ड’.

‘ॲव्हर्ट’ आणि ‘डायव्हर्ट’ एकाच लॅटिन धातूचे, म्हणून घोळ होतो. अपघात टळला म्हणजे ‘ॲव्हर्टेड’. ‘डायव्हर्टेड’ केलात तर अपघात दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर गेला असं वाटेल. वळवण्याच्या अर्थानं ‘ॲव्हर्ट’ बहुधा नजर किंवा चेहरा यांच्याशी येतो, तोही सहसा संकोचानं किंवा किळसेनं फिरवला तर.

राहिली स्वतः वळण्याची क्रियापदं. कुत्रा आडवा आला म्हणून गाडी झटक्यात वळली, तर ‘स्वर्व्ह’. भरकटत रस्त्याबाहेर गेली, तर ‘व्हिअर्ड ऑफ द रोड’. ठरलेल्या मार्गापासून, नियमापासून ढळलं, तर ‘डीव्हिएट फ्रॉम’, आणि त्याला कर्म लागत नाही. आपल्या सभांत सर्रास ऐकू येणारं ‘डोन्ट डायव्हर्ट फ्रॉम द टॉपिक’ याच कारणानं चूक आहे. या अर्थानं ‘डायव्हर्ट’ला कर्म हवं. तिथे ‘डोन्ट स्ट्रे फ्रॉम द टॉपिक’ म्हणा. इतिवृत्तात लिहायचं असेल तर ‘द स्पीकर डायग्रेस्ड’ पुरे.