मुलीला बिश्केकला जाऊन डॉक्युमेंटरी करायचीय, पाठवू का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी टीवायबीएला, तुमचा भाचा किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला एमबीबीएस करतोय, त्याने पाठवलेले तिथल्या पोरांचे व्हिडिओ बघून हिने ठरवलंय की सोव्हिएत युनियन फुटल्यानंतर जन्मलेल्या पिढीवर डॉक्युमेंटरी करायची, आणि तुम्ही विचारताय की हे खूळ आहे की करिअर. करिअर आहे ताई, फक्त महिन्याच्या पगाराचं नाही, म्हणून एडिटिंग तिने आत्ताच शिकून घ्यावं, त्यावर पोट भरतं.

पण खरी गोष्ट भाषेची. किर्गिझस्तानातले कितीतरी आईबाप मजुरीला रशियात असतात आणि पोरं आजीआजोबांकडे वाढतात. अशा घरात आईचा व्हिडिओ कॉल संपला की पोरगा मोबाईल उलटा ठेवून आजीला हळूच काहीतरी बोलतो, ते त्याच क्षणी कळलं तर कॅमेरा त्याच्यावर राहतो, दुभाष्याने सांगेपर्यंत पोरगा उठून गेलेला असतो. शहरात रशियन चालते, खेड्यात किर्गिझ लागते. रशियनची सुरुवात पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला होते, तिथे चौकशी करा.

दुसरं म्हणजे वेळ. हान्ना पोलाक या पोलिश दिग्दर्शिकेने मॉस्कोबाहेरच्या कचरा डेपोवर राहणाऱ्या एका मुलीला 14 वर्षं शूट केलं, सुरुवातीला ती मुलगी दहा वर्षांची होती. पंधरा दिवस जाऊन मुलाखती घेऊन आलं की त्याची बातमी होते, आयुष्य दिसत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्याची एफटीआयआय ही फिल्म संस्था आहेच, आणि डॉकनोमॅड्स नावाचा दोन वर्षांचा मास्टर्स कोर्स आहे, लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रुसेल्समध्ये, खास डॉक्युमेंटरीचा, त्याला युरोपियन युनियनची इरॅस्मस स्कॉलरशिप मिळू शकते पण डिग्री आधी लागते, म्हणून बीए अर्धवट सोडू देऊ नका. अर्जासोबत दाखवायला स्वतःचं काम हवंच. तुम्ही अंबाजोगाईच्या, तुमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं अशीच आजीजवळ राहतात ना? एकाच घरात टोळी जाण्यापासून परत येईपर्यंत हिने जात राहावं, घरच्यांची परवानगी घेऊन, मोबाईलवर शूट केलं तरी चालेल.

तुमची भीती खोटी नाही, मे 2024 मध्ये बिश्केकला जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर चालून गेला होता. म्हणून यंदा नको. वर्षभर रशियन होऊ दे, मग भाचा तिथे आहे तोवर सुट्टीत महिनाभर पाठवा, नुसतं राहायला आणि ओळखी करायला.