पालवी फुटली म्हणजे मुळं फुटली असं नाही

प्रश्न: ताई, शेजारच्या काकूंकडून लाल जास्वंदाच्या सहा फांद्या आणून लावल्या. आठ-दहा दिवसांत मस्त पालवी आली म्हणून कुंडी उन्हात नेऊन ठेवली, तर पंधरवड्यात सगळ्या काळ्या पडल्या. दरवेळी हेच होतं, माझा हातच वाईट आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: हात अजिबात वाईट नाही हो, घाई झाली एवढंच. फांदीत आधीचं थोडं अन्न साठलेलं असतं, त्याच्या जोरावर ती पालवी काढते, खाली मुळाचा पत्ता नसला तरी. आपण ती पानं बघून खूश होतो आणि कुंडी उन्हात नेतो, मग पानांतनं पाणी उडत राहतं आणि खालनं वर चढवायला काहीच नसतं, शिवाय कोमेजलं म्हणून आपण अजून पाणी ओततो आणि बूड सडतं. काळी पडली ती त्यामुळे.

आता असं करा. पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची, तीन-चार डोळे (पान फुटतं त्या गाठी) असलेली फांदी घ्या, कळ्या असतील तर खुडून टाका. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका आणि वरचा सरळ, म्हणजे उलटी लावायची भीती नाही (आणि घाईत उलट्या लागतात बरं का!). खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही मोठी असतील तर कात्रीने अर्धी करा. माती नुसती काळी नको, पाणी धरून ठेवते, त्यापेक्षा निम्मी वाळू निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. खत आत्ता बिलकुल नको. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चालतात, पण मला सरबताचे पारदर्शक ग्लास जास्त आवडतात, बुडाला भोकं पाडायची आणि बाहेरून जुना पेपर गुंडाळायचा. मग उपटून बघायचा मोह होत नाही, पेपर सरकवला की कडेला पांढरी मुळं दिसतात.

मी एकदा एक फांदी मुद्दाम मधेच काढून बघितली होती. कापाच्या कडेला भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके फुगवटे आले होते, मुळं एकही नाही. वर मात्र चार पानं! तेव्हापासून पानांवर विश्वास ठेवत नाही. साध्या लाल जास्वंदाला तीन-चार आठवडे धरा, सावलीतच ठेवा. त्या थाळीएवढ्या फुलांच्या हायब्रीड जास्वंदांच्या फांद्या मात्र फार रुसतात, नर्सरीवाले त्या बऱ्याचदा साध्या जास्वंदावर कलम करतात ते म्हणूनच. आणि मध लावू नका, त्यात मुळं फुटवणारं काही नाही. लावायचीच तर इंडोल ब्युटिरिक ॲसिडची रूटिंग पावडर आणा, चिमूटभर कागदावर काढून त्यात बूड टेकवा, ओली फांदी डबीत घालू नका, नाहीतर सगळी पावडर खराब होते.

प्रश्न: वाईला आईच्या माहेरचा वाडा दिवाळीनंतर पाडणारेत. परसात अनंताचं जुनं मोठं झाड आहे, ते हलवणं शक्य नाही. काही वाचेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: वाचेल, पण ह्याच पावसाळ्यात हात घाला, थांबू नका. फांद्या लावाच, पण भरवसा गुटी कलमावर ठेवा कारण त्यात फांदी झाडावरच असते, तिला पाणी मिळत राहतं. अंगठ्याएवढ्या नाही, करंगळीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, खालचं लाकूड फडक्याने पुसून घ्यायचं, त्यावर ओलं पिळलेलं मॉस (सुकं शेवाळ) मूठभर बांधायचं आणि प्लास्टिकने दोन्ही टोकं घट्ट आवळायची. पानांनी बनवलेलं अन्न सालीतनं खाली येतं ते तिथे अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. दीड-दोन महिने लागतील. आत मुळं दिसली की खालून कापायचं. एक नको, सात-आठ बांधा.

आणि तयार झालेली सगळी स्वतःच्या बाल्कनीत ठेवू नका. मामाला द्या, मावशीला द्या, शेजारी द्या. माझ्या सासूबाईंचा अनंत एका उन्हाळ्यात गेला, मला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि मग आठवलं की बहिणीला त्याचंच रोप दिलं होतं. आज माझ्याकडे फुलतोय तो तिच्याकडून परत आणलेला.

प्रश्न: आमच्या सोसायटीत गणपतीनंतर फांद्यांची देवाणघेवाण करतो. गेल्या वर्षी त्यातनं सगळ्यांच्या कुंड्यांत पांढरी कीड पसरली, आता कुणी द्यायला तयार नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: तो पिठ्या ढेकूण असणार, जास्वंदावर हमखास. देणं बंद करू नका, पद्धत बदला. नुसती फांदी देण्यापेक्षा मुळं धरलेलं रोप द्या. पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर त्या झाडाचं ह्या वर्षी काहीच द्यायचं नाही. आलेलं रोप दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, कीड दिसली तर साबणाच्या पाण्याने पुसा. पिशवीवर झाडाचं नाव, फुलाचा रंग आणि तारीख मार्करने लिहा, तगर आणि अनंत लहानपणी ओळखताना गोंधळ होतो. कण्हेर देताना मात्र तोंडानेही सांगा की सगळं झाड विषारी आहे, कापल्यावर हात धुवा, लहान मुलं असतील त्या घरी नकोच.

बाहेरगावी पाठवायची तर पानं कमी करून बूड ओल्या पेपरात, वर प्लास्टिक, एसटीने दोन दिवस आरामात टिकते. परदेशातल्या मुलांना मात्र बॅगेत घालून देऊ नका, रोगमुक्त असल्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर काढून घेतील आणि वर दंड होऊ शकतो.