स्लॅग किती सहज वाहील? आधी त्यात रवा धरलाय का ते बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीत एम.टेक. करतेस, आणि ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंड गाळायच्या भट्टीच्या, वितळलेल्या स्लॅगची (धातूवर तरंगणाऱ्या मळीची) व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहतानाचा घट्टपणा, त्याच्या रचनेवरून आणि तापमानावरून आधीच सांगता यावी असा प्रकल्प घेतलायस. छापून आलेल्या मोजमापांतून अकराशे ओळी जमवल्यास, रँडम फॉरेस्ट हे मशीन लर्निंगचं मॉडेल चालवलंस, टेस्टसाठी बाजूला ठेवलेल्या ओळींवर आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९७ आला. मग एका कारखान्याचे ४१ नमुने मिळाले, त्यांवर तेच मॉडेल लावलं, तर काहींची मोजलेली व्हिस्कॉसिटी मॉडेलच्या तिप्पट-चौपट निघाली. चूक अल्गोरिदमची की डेटाची, असं तू विचारलंयस.

मी सव्वीस वर्षं भट्टीवर काढली, आता कराडजवळ गावी असतो. मला वाटतं तुझी गाठ अल्गोरिदमच्या अलीकडेच पडलीय. पूर्ण वितळलेला स्लॅग आणि स्फटिक धरायला लागलेला स्लॅग हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि तुझ्या तक्त्यात ते एकाच रकान्यात बसलेत.

हे मला सगळ्यात आधी गुऱ्हाळावर कळलं, फक्त तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं. आमचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस आटत १०५ अंशांच्या आसपास आला की काकवी होते, आणि ११८च्या जवळ गेला की गुळाचा पाक. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघायचा आणि काहील उतरवा म्हणायचा. पाक वाफ्यात ओतला की निवताना तो आधी हळूहळू घट्ट होतो. इथपर्यंत प्रत्येक अंशाला थोडा थोडा फरक, सगळं सुरळीत. मग एका क्षणी रवा धरतो, म्हणजे साखरेचे बारीक स्फटिक होतात. तिथून पुढे दोन-चार अंशांतच ढवळणाऱ्याचा हात जड होतो आणि ढेपा भरायची घाई सुरू होते. काकवी मात्र रात्रभर गार झाली तरी ओतता येते. काकवीच्या घट्टपणाचा आलेख काढून गुळाचा अंदाज कुणी केला, तर तो चुकणारच.

स्लॅगचंही हेच आहे. लिक्विडस तापमानाच्या वर, म्हणजे ज्याच्या खाली पहिला स्फटिक धरतो त्या तापमानाच्या वर, तो एकजीव द्रव असतो. तिथे व्हिस्कॉसिटीचा लॉगॅरिदम आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त यांचं नातं जवळपास सरळ रेषेचं असतं. नेहमीच्या भट्टीच्या स्लॅगला १५०० अंशांवरून १४५० वर आणलं तर व्हिस्कॉसिटी साधारण चाळीस टक्क्यांनी वाढते, म्हणजे ४ पॉइजचे साडेपाच (पॉइज हे व्हिस्कॉसिटीचं एकक). हे भट्टी सहन करते. लिक्विडसच्या खाली गेलं की त्या द्रवात घन कण तरंगायला लागतात, आणि त्यांचा हिशोब वेगळा. आइनस्टाइनने विरळ कणांसाठी मांडलेली कल्पना रोस्को यांनी १९५२ मध्ये दाट मिश्रणापर्यंत नेली. ते सूत्र तू वापर: एकातून, घनाच्या आकारमानाच्या अंशाची १.३५ पट वजा कर, आणि उत्तराचा उणे अडीचवा घात घे. द्रवाची व्हिस्कॉसिटी त्याने गुणायची. दहा टक्के घन असेल तर १.४४ पट, वीस टक्क्यांना २.२ पट, तीस टक्क्यांना ३.७ पट, चाळीस टक्क्यांना जवळपास सात पट. तुझी तिप्पट-चौपट कुठून येत असेल ते इथे दिसतं. शिवाय उरलेल्या द्रवाची रचनाही बदललेली असते, कारण स्फटिक काही ऑक्साइड जास्त उचलतात आणि काही मागे ठेवतात. म्हणून द्रवाची व्हिस्कॉसिटी मूळ रचनेवरून काढू नकोस, उरलेल्या द्रवाच्या रचनेवरून काढ.

याची किंमत मी मोजलेली आहे. एका पावसाळ्यात धातूत गंधक वाढलं म्हणून आम्ही चुना वाढवला, बेसिसिटी, म्हणजे चुना भागिले सिलिका, १.०८ वरून १.२ कडे नेली. कागदावर बरोबर होतं: चुना वाढला की सिलिकाचं जाळं तुटतं, स्लॅग पातळ होतो, गंधकही जास्त ओढतो. त्याच रात्री भट्टी थंडावली, धातूचं तापमान १४८० वरून १४४० वर आलं. माझ्या वहीतल्या सूत्राने सहा पॉइजच्या आत उत्तर दिलं होतं. पहाटे टॅपहोल (भट्टीचं तोंड) उघडल्यावर रनरमध्ये (वाहायच्या नालीत) जे आलं ते वाहत नव्हतं, ढेकळांनी सरकत होतं. स्किमरपाशी, जिथे धातूपासून स्लॅग वेगळा होतो तिथे, थर साचला, पोरं सळया घेऊन तासभर खणत होती. एकाच्या हाताला भाजलं. तो आकडा मीच शिफ्टला दिला होता. चुन्याने जाळं तुटलं होतं हे खरं, पण त्याच चुन्याने लिक्विडसही वर गेला होता, आणि तापमान त्याच्याखाली आलं होतं. त्या दिवसापासून लिक्विडस न बघता मी व्हिस्कॉसिटीचा आकडा कुणाला दिलेला नाही.

आता रचनेबद्दल, कारण तिथेही तुझ्या तक्त्यात मला एक अडचण दिसते. तू वजनाचे टक्के आणि चुना भागिले सिलिका एवढंच इनपुट दिलंयस. आपल्याकडच्या बऱ्याच लोहखनिजात अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) जास्त, कोकच्या राखेतूनही तो येतो, त्यामुळे भारतीय स्लॅगमध्ये १८-२० टक्के अॅल्युमिना नवलाचा नाही. आणि अॅल्युमिना त्या साध्या गुणोत्तरात येतच नाही.

दोन स्लॅग घे. पहिल्यात चुना ४०, सिलिका ३७, अॅल्युमिना १२, मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) १० टक्के. दुसऱ्यात चुना ३७, सिलिका ३४, अॅल्युमिना १९, मॅग्नेशिया ९. दोघांचीही बेसिसिटी १.०८-१.०९, म्हणजे तुझ्या मॉडेलच्या त्या रकान्यात जुळी भावंडं. आता वजनाचे मोल कर, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या रेणूभाराने भाग. सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजनचे हात धरून बसलेला असतो आणि ते हात एकमेकांत अडकून जाळं होतं. चुना आणि मॅग्नेशिया हे हात सोडवतात. अॅल्युमिनियम या स्लॅगमध्ये बहुतेक करून जाळ्यातच शिरतं, आणि त्याचा विद्युतभार भरून काढायला काही कॅल्शियम अडकून पडतं, ते हात सोडवायला उरत नाही. म्हणून चुना अधिक मॅग्नेशिया वजा अॅल्युमिना, याची दुप्पट. तिला भागायचं सिलिका अधिक दोन अॅल्युमिनाने, सगळं मोलमध्ये. याला एनबीओ बाय टी म्हणतात, जाळ्याच्या प्रत्येक गाठीमागे सुटे हात किती. पहिल्या स्लॅगला १.९८ येतं, दुसऱ्याला १.४८. जाळं दुसऱ्यात बरंच अखंड आहे आणि तो घट्ट वाहणार. हा एक रकाना वाढवलास तरी मॉडेलला खूप काही कळेल.

मॅग्नेशियाबद्दल एक सांगतो, कारण त्यावर लोक फार विसंबतात. आठ-दहा टक्क्यांपर्यंत तो हात सोडवतो आणि लिक्विडसही सांभाळतो. अॅल्युमिना जास्त असताना त्याच्या पुढे रेटलास तर स्पिनेल (मॅग्नेशिया-अॅल्युमिनाचा स्फटिक) बाहेर पडायला लागतो, आणि तो फार उंच तापमानाला वितळतो. टायटॅनियमचा स्लॅग असेल तर वेगळाच खेळ आहे, भट्टीच्या तळाच्या तीव्र क्षपणात टायटॅनियमचे कार्बाइड-नायट्राइड कण होतात आणि स्लॅग चिखल होतो. अशा ओळी तुझ्या डेटात असतील तर सरळ बाजूला काढ.

व्हिस्कॉसिटीच्या सूत्रांपैकी अर्बेनचं १९८१चं सूत्र भट्टीच्या स्लॅगला सुरुवातीला चांगलं. त्याच वर्षीचं रिबूचं सूत्र मुळात कंटिन्युअस कास्टिंगच्या मोल्ड पावडरसाठी (पोलाद सलग ओतताना साच्यात टाकतात ती) बांधलेलं आहे, ते इथे ताणू नकोस. लिक्विडस काढायला फॅक्टसेज हे सॉफ्टवेअर कॉलेजात मिळालं तर उत्तमच, घन किती टक्के तेही ते सांगतं. नाहीतर ऑस्बॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये चुना, मॅग्नेशिया, अॅल्युमिना, सिलिका या चौकडीचे जे नकाशे खास भट्टीच्या स्लॅगसाठी मांडले, त्यांवरूनही अंदाज येतो. ग्रंथालयात बसून पेन्सिलीने एकेक बिंदू टाकायला कंटाळा येईल, पण टाक.

आता ०.९७ कडे येऊ. प्रयोगशाळेत एक स्लॅग मुशीत वितळवतात, त्यात फिरता दांडा सोडतात आणि तापमान उतरवत सात-आठ वाचनं घेतात. म्हणजे तुझ्या अकराशे ओळी खरं तर दीडएकशे स्लॅग असाव्यात. तू ओळी पिसून टेस्टला काढल्यास, तर एकाच स्लॅगचं १५०० अंशांचं वाचन ट्रेनिंगमध्ये (मॉडेल ज्यावरून शिकतं त्या ओळींत) आणि १४८० चं टेस्टमध्ये. मॉडेल शेजारच्या ओळीवरून वाचतंय. विभागणी स्लॅगनुसार कर: एक स्लॅग घेतला की त्याच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला. आकडा खाली येईल, घाबरू नकोस, तोच तुझा खरा आकडा. लक्ष्य म्हणून व्हिस्कॉसिटीचा लॉगॅरिदम घे, नाहीतर दहा-वीस घट्ट ओळीच सगळं मॉडेल ओढतील. एकाच रचनेची मोजमापं दोन प्रयोगशाळांत वीस-पंचवीस टक्क्यांनी सहज वेगळी येतात, तेव्हा त्याहून बारीक अचूकतेचा दावा प्रबंधात करू नकोस.

कारखान्याच्या नमुन्यांत आणखी दोन गोष्टी तपास. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी रचना मोजायचं यंत्र) सगळं कॅल्शियम चुना म्हणून सांगतो, पण स्लॅगमधलं गंधक बहुतांशी कॅल्शियम सल्फाइड म्हणून असतं. एक टक्का गंधक म्हणजे पावणेदोन टक्के चुना त्यात गेला. दुसरं, भट्टीतल्या स्लॅगमध्ये न जळालेल्या कोळशाची पूड आणि लोखंडाचे बारीक थेंब असतात, तेही घनासारखे वागतात आणि विश्लेषणाच्या कागदावर दिसत नाहीत. ज्याने तुला नमुने दिले त्याला विचार, नमुना दळण्याआधी चुंबक फिरवला होता का.

आणि जमलं तर स्लॅग डोळ्यांनी बघ. सांगली भागात ब्लास्ट फर्नेस नाही, पण कुपवाडच्या फाउंड्रीवाल्यांकडे क्युपोला (बीड वितळवायची उभी भट्टी) चालू असेल तर विचारून जा. तो स्लॅग जास्त सिलिकाचा, आपल्यापेक्षा वेगळा, तरी सळई बुडवून वर काढली की काय होतं ते शिकायला पुरतो. सिलिका जास्त असेल तर चिक्कीच्या पाकासारखी लांब तार सुटते आणि निवल्यावर काचेसारखा तुटतो. चुना जास्त असेल तर तार धरत नाही, थेंब तुटून पडतात, आणि तुटलेला कड दगडासारखा खरखरीत दिसतो. कास्टहाउसवरचे (भट्टीतून धातू-स्लॅग काढतात त्या जागेवरचे) जुने लोक एवढ्यावरून बेसिसिटी सांगायचे आणि लॅबचा कागद नंतर यायचा.

आधी एवढंच कर: त्या ४१ नमुन्यांपुढे लिक्विडसचा रकाना घाल आणि मोजणीचं तापमान त्यातून वजा कर. उत्तर अधिक आलेल्या ओळींना रंग दे. तिप्पट-चौपट चुकलेले नमुने रंगीत ओळींतच सापडतात का, ते बघून रचनांसकट तक्ता इथे टाक. मी रात्री नऊनंतर बसतो, एकेक ओळ तपासून देईन.